शनिवार-रविवारचा पास

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात एका वाचकांनी परदेशी शिकणाऱ्या पोरांचा चांगलाच समाचार घेतला. बापानं वावर गहाण टाकून कर्ज उचलायचं आणि लेकरांनी दर शनिवार-रविवारी नव्या गावच्या चौकात उभं राहून फोटो पाठवायचे, असा त्यांचा रोख. मला राग आला नाही. आमच्या पानठेल्यावर मी हेच रोज ऐकतो. "काहो कंडक्टर साहेब, पोरगी शिकाले गेली का फिराले?"

मी एस.टी.चा निवृत्त वाहक, दारव्हा तालुक्यातला. ड्यूटी संपली की वे-बिल भरून पैशाचा हिशेब दिल्याशिवाय घरी जाता येत नसे. तोच हिशेब आता पोरीच्या फिरण्याचा देतो.

ती जर्मनीत आखेनला धातुशास्त्र शिकते. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच खात्यात अडकवून ठेवावे लागले आणि त्यातून महिन्याला ९९२ युरोच हातात येतात. खोलीचं भाडं, विमा, किराणा, सगळं त्यातच. वर काही पाहिजे तर काम करा. त्यालाही मर्यादा आहे, वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस. ती शनिवारी अर्धा दिवस एका उपाहारगृहात भांडी घासते. इथं हे सांगितलं की लोक हळहळतात. फोटो पाह्यला की नाक मुरडतात. दोन्ही एकाच पोरीचं, एकाच आठवड्यातलं.

मग फिरणं परवडतं कसं? तिकिटामुळं. मे २०२३ पासून त्या देशात महिन्याचं एकच तिकीट निघालं, तेव्हा ४९ युरोचं, २०२५ ला ५८ झालं. देशभरातल्या गावबसा, ट्राम आणि पॅसेंजर गाड्या त्यात येतात. विद्यार्थ्यांना तेच तिकीट मूळ किमतीच्या साठ टक्क्यांत मिळतं. २०२४ साली ते सुरू झालं तेव्हा महिन्याला २९ युरो ४० सेंट पडत. यातली गोम माझ्यासारख्या तिकीट फाडणाऱ्याच्या लगेच ध्यानात येते. ज्या विद्यापीठानं हे घेतलं तिथले पैसे सत्राच्या फीमध्येच कापतात, कोणी फिरो न फिरो. सगळ्यांनी भरलं म्हणून प्रत्येकाला स्वस्त पडलं. पैसे तर गेलेच आहेत, मग रविवारी खोलीत झोपून काय करायचं, असा तिथल्या पोरांचा विचार. रविवारी दुकानंही बंद असतात, त्यामुळं बाजारात पैसे उडवायची सोय नाही.

मात्र हे तिकीट वेगवान गाड्यांना चालत नाही. म्हणून ही पोरं थांबत थांबत जाणाऱ्या गाड्यांनी जातात आणि जिथं गाडी बदलायची तिथं तासभर फलाटावर बसून डबा खातात. डब्यात धपाटे आणि इथून मी पाठवलेली जवसाची चटणी. सोबत कोल्हापूरची एक मुलगी, केरळचा एक मुलगा आणि एक तुर्कस्तानची पोरगी. त्या तुर्की पोरीनं माझ्या बायकोच्या हातचा मिरचीचा ठेचा चमच्यानं खाल्ला म्हणे, आणि पुढच्या रविवारी पुन्हा मागितला!

तिकडच्या बसमध्ये वाहकच नसतो, हे मात्र मला अजून पचलेलं नाही. स्टेशनावरही फाटक नाही, कोणी अडवत नाही. मधेच तपासनीस चढतात आणि तिकीट नसलं तर ६० युरो दंड. शिस्त वगैरे ठीक, पण उतरायला मदत पाहिजे असलेल्या म्हातारीला हात कोण देतं, हे मी पोरीला विचारलं. ती म्हणाली, "लोकं देतात, बाबा." असेल. वक्तशीरपणाचं कौतुकही ऐकून होतो. २०२४ साली तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम ६२ टक्के वेळेवर पोचल्या. आणि सहा मिनिटं झाली की ते तिला लेट धरतात. सहा मिनिटं! आमच्या मुक्कामी गाडीला कोणी सहा मिनिटांचा हिशेब मागितला असता तर मी त्याला चहा पाजला असता.

आखेन हे गाव सरहद्दीला लागून. तिथला हजार-बाराशे वर्षांचा दोम, म्हणजे मोठं चर्च, ज्यात शार्लमेन राजाला पुरलं, तो १९७८ साली निघालेल्या जागतिक वारशाच्या पहिल्याच यादीत आहे. पण पोरीनं आम्हाला फोनवर दाखवली ती शेजारच्या टेकडीवरची खूण, जिथं जर्मनी, नेदरलँड्स आणि बेल्जियम एका दगडाशी मिळतात. ती टेकडी ३२२ मीटरची. तेवढ्याला डच लोक मुख्य भूमीवरचा आपला सर्वांत उंच डोंगर म्हणतात. चिखलदऱ्याला हजार मीटरच्या वर गाडी चढवणाऱ्या आमच्या चालकमंडळींना हे सांगितलं तर ते दिवसभर हसतील.

पण मी हे पत्र लिहायला बसलो ते दुसऱ्याच एका सहलीमुळं. सोमवारची सुटी जोडून आली होती. चौघं मिळून बव्हेरियातल्या नोर्डलिंगेन या गावी गेले, अख्खा दिवस गाड्या बदलत. हे गाव एका उल्कापाताच्या विवरात वसलं आहे. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी तिथं उल्का आदळली आणि चोवीसेक किलोमीटर रुंदीचा खड्डा पडला. कित्येक वर्षं लोक त्याला ज्वालामुखीचं तोंड समजत. १९६० साली शूमेकर आणि चाव या दोघांनी तिथल्या दगडात प्रचंड दाबाखालीच तयार होणारं खनिज दाखवून दिलं, तेव्हा उल्केचा शिक्का बसला. आघातात भाजून निघालेला जो दगड, त्याच दगडाचा गावातल्या चर्चचा ९० मीटर उंच मनोरा बांधलाय. १९७० साली अपोलो-१४ चे अंतराळवीर चंद्रावरचे दगड ओळखायला शिकण्यासाठी याच भागात आले होते. गावाभोवतीची तटबंदी अजून सलग आहे, वरून पूर्ण फेरी मारता येते. पोरीचा विषय धातू-खनिजांचा, त्यामुळं ती त्या मनोऱ्याच्या भिंतीला हात लावून किती वेळ उभी होती, ते कोल्हापूरच्या मुलीनं आम्हाला चिडवून सांगितलं.

तिथं दगडांची माहिती देणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी या पोरांना देश विचारला. भारत म्हटल्यावर ते म्हणाले, मग तुम्ही लोणार पाहिलं असेल! बेसाल्टमधलं, म्हणजे आपल्याकडच्या काळ्या दगडातलं, उल्कापाताचं एवढं सुरेख विवर जगात दुसरीकडं सहजी सापडत नाही, म्हणून त्याची छायाचित्रं त्यांनी वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना दाखवली होती. माझी पोरगी विदर्भातली, लोणारचा बुलडाणा जिल्हा तिच्या इथल्या अमरावती विद्यापीठाच्याच पाच जिल्ह्यांपैकी एक. तिनं लोणार पाहिलेलं नव्हतं. रात्री फोनवर म्हणाली, "बाबा, मी कायले नाही गेली हो तिथं?"

कायले नाही गेली, याचं उत्तर तिच्यापेक्षा मला जास्त माहीत आहे, कारण तो माझ्या खात्याचा विषय. बारावीपर्यंत खेड्यातल्या मुलींना एस.टी.चा पास मोफत, पुढं महाविद्यालयात गेल्यावर तिसरा हिस्सा पैसे भरून. फार चांगली योजना. त्या पासावर शिकलेल्या शेकडो पोरी मी रोज गाडीत पाहिल्या. पण तो पास गाव ते कॉलेज एवढाच. मधला एक थांबा पुढं गेलं की पूर्ण तिकीट. रविवारी तो पास म्हणजे पाकिटातला फोटो असलेला कागद. दारव्ह्याहून लोणारला जायचं तर दिग्रस, वाशिम, रिसोड असं बदलत जावं लागतं; चार मित्रांनी पूर्ण भाडं काढून, वर परतीची गाडी मिळेल की नाही या धास्तीत कोण निघतं? निघतात ते मोटरसायकलवर तिघं तिघं. ती बातमी आपल्याच वर्तमानपत्रात आतल्या पानावर येते.

सहलीला निम्मं भाडं आहे, हे मला ठाऊक आहे. ती शाळेची सहल; गुरुजी, शिट्टी, रांग. मी बोलतोय ते वीस वर्षांच्या पोरांनी स्वतः ठरवून, स्वतःचा डबा बांधून, वेळापत्रक वाचून जाण्याबद्दल. महामंडळाची 'आवडेल तेथे प्रवास' ही योजना १९८८ पासून आहे, चार दिवसांचा पास आणि सात दिवसांचा पास. पण खेड्यातल्या विद्यार्थ्याकडं सलग चार दिवस नसतात आणि तेवढी रक्कमही नसते. त्याच्याकडं शनिवार दुपार आणि रविवार असतो.

माझी मागणी एवढीच. विद्यार्थ्याचा जो पास आहे, तोच शनिवार-रविवारी साध्या गाडीत आपल्या विद्यापीठाच्या पाचही जिल्ह्यांत चालू द्या. शिवशाही नको. त्यासाठी सत्राला जी थोडी रक्कम लागेल ती सगळ्याच पासधारकांकडून घ्या, जर्मनीत घेतात तशी. यवतमाळ, वाशीम, बुलडाणा, अमरावती एवढ्यांत पाहण्यासारखं काय आहे ते मी सांगायला नको: लोणारच्या कडेला गोमुखाची धार आणि गावातलं दैत्यसूदन मंदिर, सिंदखेडराजा, मेळघाट, टिपेश्वर, कळंबचा चिंतामणी. लोणार तर २०२० पासून जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे.

महामंडळ तोट्यात आहे, त्यात हे नवं कशाला, असं कोणी म्हणेल. १७ मार्च २०२३ ला महिलांना अर्धं तिकीट झालं तेव्हाही हेच म्हणत होते. मी तेव्हा ड्यूटीवर होतो. पहिल्या आठवड्यातच रिकाम्या धावणाऱ्या दुपारच्या फेऱ्या भरल्या. माहेरी वर्षाला एकदा जाणाऱ्या बाया महिन्याला जाऊ लागल्या, भाजीच्या टोपल्या घेऊन थेट यवतमाळच्या बाजारात उतरू लागल्या. अर्ध्या भाड्याचे का होईना, ते पैसे आधी गाडीत येतच नव्हते. रविवारी कॉलेजच्या मार्गावरच्या गाड्या अशाच रिकाम्या धावतात. डिझेल तेवढंच जळतं.

पोरी एकट्या कशा जातील, हा प्रश्न आईबापांचा आहे आणि तो खरा आहे. त्याला उत्तर एकच, परतीची गाडी पक्की पाहिजे. संध्याकाळी पाचनंतर लोणारहून निघणारी आणि रात्री दारव्ह्याला पोचणारी एक फेरी लावली, ती रद्द होणार नाही असं आगारानं लिहून दिलं, की बाप परवानगी देतो. मी दिली असती. आमच्याकडची छोट्या रुळांची शकुंतला रेल्वे चालू होती तेव्हा ती कितीही रखडली तरी दारव्ह्याच्या मोतीबाग स्टेशनवर लोक वाट पाहत बसत, कारण ती येणार हे माहीत होतं.

विभाग नियंत्रकांनी एका सत्रापुरता प्रयोग करून पाहावा. चालक-वाहक कमी आहेत असं उत्तर येईल, तेही खोटं नाही. पहिल्या काही रविवारी पोरांना गाड्या कुठं बदलायच्या ते सांगायला मी विनामोबदला सोबत यायला तयार आहे. माझं तिकीट मी काढीन.

आपला,
एक निवृत्त वाहक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ