तक्रार: 14 महिन्यांच्या गाडीचा मागचा टायर तारेपर्यंत झिजला आणि तुमच्या कागदावर तो 'ठीक' आहे

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख

आज सकाळी तुमच्या ग्राहक सेवेला सहावा फोन केला. तो ठेवला आणि हे पत्र लिहायला बसले. यापुढे फोन करणार नाही, जे असेल ते लेखी.

गाडी 14 महिन्यांची आहे, 18,000 किलोमीटर झाली आहे. मागून घोंघों असा आवाज बरेच महिने येत होता. तो फारच वाढला म्हणून मागच्या गुरुवारी मी गाडी टायरवाल्याकडे नेली. त्याने मागचं उजवं चाक जॅकवर उचललं, हाताने एकदा फिरवलं आणि थांबला. "ताई, ही गाडी तुम्ही इथवर चालवत आणलीत?" मला काही कळेना. बाहेरून टायर चांगला दिसत होता, खाचा खोल, नक्षी स्पष्ट. त्याने चाक काढून आतली बाजू माझ्याकडे केली. आतल्या कडेचा दोन बोटं रुंद पट्टा पार गुळगुळीत झाला होता आणि अगदी काठाला रबर संपून तारा उघड्या पडल्या होत्या. केसाएवढ्या बारीक, चकचकीत. मी हात फिरवला तर एक बोटात घुसली. डावा टायर काढला, तोही आतून टक्कल पडलेला, फक्त तारा अजून दिसत नव्हत्या.

त्या उजव्या चाकाच्या बरोबर वर माझी मुलगी बसते.

आता तुमचा कागद. 10,000 किलोमीटरच्या सर्व्हिसिंगला मी तक्रार लिहून दिली होती: मागून आवाज येतो. उत्तर मिळालं, 'रस्त्याचा आवाज आहे, सामान्य आहे.' तपासणीच्या तक्त्यात चारही टायरपुढे 'ठीक' अशी खूण आहे आणि नक्षीची खोली चारही ठिकाणी 6 मिलिमीटर. चारही टायर एकसारखे कसे झिजतील? पुढच्या चाकांवर इंजिनाचा भार, ओढायचं काम त्यांचं, वळायचं काम त्यांचं. कोणीतरी एका टायरला बाहेरून माप लावलं आणि तो आकडा चार वेळा लिहिला, किंवा तेही केलं नाही.

त्याच बिलात 'टायर रोटेशन' आहे, त्याचे पैसे घेतले आहेत. माझ्या पुढच्या डाव्या टायरचं 6,000 किलोमीटरला पंक्चर काढलं होतं. तेव्हा भोकात खुपसलेली तपकिरी पट्टी टायरच्या मधल्या खाचेत आजही दिसते. तुमच्याच माहितीपुस्तिकेप्रमाणे रोटेशनमध्ये पुढची चाकं मागे जातात. मग ती पट्टी आजही पुढच्या डाव्या चाकातच कशी? चाकं हललीच नाहीत. हलवली असती तर प्रत्येक चाक कोणाच्या तरी हातात आलं असतं आणि आतली कड तेव्हाच दिसली असती, तारा निघायच्या 8,000 किलोमीटर आधी.

टायरवाल्याकडेच अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, तपासून घेतली. मागच्या उजव्या चाकाचा टो, म्हणजे चाक सरळ रेषेपासून किती आत किंवा बाहेर वळलं आहे तो कोन, उणे 0.45 अंश, डाव्याचा उणे 0.40. तुमच्या कंपनीची मर्यादा त्याच कागदावर शेजारी छापलेली आहे, ती शून्याच्या वर सुरू होते. दोन्ही आकडे लाल. म्हणजे मागची दोन्ही चाकं समोर बघण्याऐवजी बाहेर बघत आहेत. 0.45 अंश ऐकायला काहीच नाही. पण तेवढ्या कोनात चाक धावलं की दर किलोमीटरला ते जवळपास 8 मीटर आडवं घासलं जातं. 18,000 किलोमीटरचा हिशेब तुम्हीच करा. आणि दोन्ही बाजू जवळपास सारख्याच बिघडलेल्या असल्यामुळे गाडी कुठे ओढत नव्हती, स्टिअरिंग सरळ होतं. चालवणाऱ्याला कळायची सोयच नव्हती. कळत होता तो फक्त आवाज, आणि तो मी तुम्हाला सांगितला होता.

हे घेऊन मी तुमच्याकडे गेले. तुम्ही म्हणालात, टायर झिजणारा भाग आहे, वॉरंटीत नाही, टायर कंपनीकडे जा. टायर कंपनीच्या माणसाने झीज बघितली आणि एका वाक्यात सांगितलं की दोष टायरचा नाही, अलाइनमेंटचा आहे, गाडीच्या कंपनीकडे जा. परत तुमच्याकडे आले, तर आता म्हणे मागचा टो या गाडीत अ‍ॅडजस्ट होत नाही.

होत नाही हे मला माहीत आहे. मागचा अ‍ॅक्सल अखंड बीमचा आहे, म्हणजे दोन्ही चाकं एकाच आडव्या दांड्याला जोडलेली, टो फिरवायला तिथे बोल्टच नाही. मग तो बिघडवला कोणी? मी? "खड्ड्यात आदळली असेल" असं तुमच्या माणसाने लिहून दिलं आहे. चारही रिमवर एक ओरखडा नाही. आणि कुठला खड्डा दोन्ही चाकं एकाच वेळी, दोन्ही बाहेरच्याच बाजूला, जवळपास सारखीच वाकवतो? अ‍ॅक्सल असाच कारखान्यातून आला, दुसरं काही मला पटत नाही.

आता आजच्या फोनबद्दल. हा मी विसरणार नाही.

पाच मिनिटं संगीत ऐकवून एक गृहस्थ आले. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. तारा, टो, तक्ता, पट्टी. त्यांनी मध्ये एकदाही काही विचारलं नाही. माझं संपल्यावर म्हणाले, "मॅडम, डॅशबोर्डवर टायरचा दिवा लागला होता का?" मी म्हटलं नाही. "मग टायर ठीक आहेत." मी म्हटलं, अहो, टायरच्या तारा बाहेर आल्या आहेत, माझ्या बोटात गेली आहे. "मॅडम, गाडीत सेन्सर आहे. प्रॉब्लेम असता तर सेन्सरने सांगितलं असतं." मी म्हटलं, तो दिवा हवेसाठी आहे. हवा 33 होती, जेवढी दरवाजाच्या पट्टीवर लिहिली आहे तेवढीच, दिवा लागेल कशाला? यावर ते गप्प. कीबोर्डचा आवाज येत राहिला. मग म्हणाले, "मॅडम, तुम्ही असं करा, सरांना फोन द्या. टेक्निकल गोष्ट आहे, त्यांना समजावून सांगतो."

मी विचारलं, कोणते सर? "म्हणजे घरी गाडी जे चालवतात ते." गाडी मी चालवते. गाडी माझ्या नावावर आहे, हप्ता माझ्या खात्यातून जातो, आणि समोर उघडलेल्या नोंदीत त्यांना माझंच नाव दिसत असणार. मी हे सगळं शांतपणे सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "ठीक आहे मॅडम, सर घरी आले की कॉल करा." आणि फोन ठेवला.

तुम्ही गाडी बनवता, त्यामुळे हे तुम्हाला सांगायची वेळ यायला नको होती, पण तुमच्या माणसाला माहीत नाही म्हणून लिहिते. तो दिवा हवेचा दाब पाव भागाच्या आसपास उतरला की लागतो. रबर किती उरलं हे त्याला कळत नाही. नक्षीची किमान खोली अनेक देशांत कायद्याने 1.6 मिलिमीटर आहे. माझ्या टायरच्या आतल्या कडेला शून्यही नव्हतं. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर स्टिअरिंग हलकं पडून निदान सूचना मिळते. मागची घसरली तर गाडी गरकन फिरते. आणि दिवा नाही म्हणजे टायर ठीक, हे उत्तर तो माणूस रोज किती जणांना देतो?

मला पुढील गोष्टी लेखी हव्या आहेत. मागचा अ‍ॅक्सल वॉरंटीत बदलून, आधीची आणि नंतरची अलाइनमेंट छापून द्या. मी दोन नवे टायर माझ्या पैशाने घातले आहेत, त्यांचं बिल भरून द्या, कारण या अ‍ॅक्सलवर तेही आतून संपणार. न केलेल्या रोटेशनचे पैसे परत करा. आणि ज्या खेपेत माझा अ‍ॅक्सल आला त्या खेपेतल्या बाकीच्या गाड्या बोलावून तपासा. त्या मालकांच्या कागदावरही 'ठीक' लिहिलेलं असेल आणि टायरची आतली कड कोणी वाकून बघत नाही.

15 दिवसांत उत्तर आलं नाही तर मी ग्राहक न्यायालयात जाईन. तो तक्ता, ते बिल, तो लाल आकड्यांचा कागद, सगळ्याच्या प्रती जोडल्या आहेत. जुना उजवा टायर मी टाकलेला नाही. घरी ठेवला आहे, न्यायाधीशांसमोर नेईन. पुढच्या डाव्या टायरमधली पट्टीही जागेवर आहे.

माझ्या आधीच्या गाडीवरही तुमचंच नाव होतं. नऊ वर्षं चालवली, म्हणून ही घेताना दुसरी बघितलीसुद्धा नाही.

उत्तर द्यायचं तर मलाच द्या. गाडी मी चालवते.

गाडीची मालक