अवकाशातले भंगार बेवारस नसते

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दिवाळी अंकांसाठी विज्ञानकथा लिहिणाऱ्या तरुण मंडळींना एक कथानक फार आवडते. महायुद्ध संपले आहे, पृथ्वीभोवती फुटकी याने आणि निकामी झालेले महाकाय यंत्रमानव फिरत आहेत, आणि पाच-सहा जणांची टोळी ते भंगार गोळा करून पोट भरते. एके दिवशी एक यंत्रमानव हाती लागतो आणि संपलेले युद्ध टोळीच्या दारात येते. विषय उत्तम आहे. पण टोळी अर्ध्या पानात यान कापून मोकळी होते आणि उरलेली दहा पाने मारामारीत जातात, हे आम्हाला खटकते. भंगार, स्फोटके-सुरक्षा आणि उपग्रह-यंत्रणा या कामांशी संबंध असलेले आम्ही काही वाचक आहोत. खरा संघर्ष त्या कापण्यातच दडलेला आहे, हे सांगण्यासाठी हे पत्र.

पहिला प्रश्न मालकीचा. समुद्रात बुडते जहाज वाचवणाऱ्याला बक्षिसी मिळते, त्यासाठी १९८९ चा आंतरराष्ट्रीय करार आहे. अवकाशात तशी सोय नाही. १९६७ च्या अवकाश कराराचे आठवे कलम सांगते की अवकाशात पाठवलेली वस्तू तिथे असो वा पृथ्वीवर परत पडो, तिची मालकी बदलत नाही. यान मेले, तुटले, सोडून दिले, तरी ते ज्याचे होते त्याचेच. २ एप्रिल २०२२ च्या रात्री चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी येथे सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले, आसपासच्या शिवारात गोळे सापडले. ते गावात पडले म्हणून गावाचे झाले नाही. सोडणाऱ्या देशाने मागितले तर परत द्यावे, असे १९६८ चा करार सांगतो.

आता यात युद्ध घाला. शत्रूचे लष्करी साहित्य रणांगणात हाती लागले तर ते जिंकणाऱ्या राष्ट्राचे होते, हा जुना युद्धनियम. म्हणजे त्या यंत्रमानवावर ज्याने सोडला तो आणि ज्याने पाडला तो, असे दोघेही हक्क सांगणार. शिवाय १९७२ च्या करारानुसार अवकाशातल्या वस्तूने नुकसान केले तर भरपाई मागितली जाते ती सोडणाऱ्या राष्ट्राकडे. कॉसमॉस ९५४ हा अणुभट्टी असलेला सोव्हिएत उपग्रह १९७८ मध्ये कॅनडात कोसळला, तेव्हा कॅनडाने साठ लाख डॉलर मागितले आणि तीस लाख मिळवले. टोळीच्या ओढयानाने चुकीच्या जागी दोर लावला, यंत्रमानवाचा हात तुटून तिसऱ्याच देशाच्या उपग्रहाला धडकला, तर यंत्रमानव सोडणाऱ्या राष्ट्राबरोबर टोळीचे स्वतःचे सरकारही वादात ओढले जाते. टोळीला युद्धात ओढायला कारस्थान लागत नाही, एक निखळलेला सांधा पुरतो.

हे काम रीतसर करणाऱ्याचे उदाहरण इतिहासात आहे. २१ जून १९१९ ला जर्मन आरमाराने स्कॉटलंडच्या स्कापा फ्लो खाडीत आपलीच ५२ जहाजे बुडवली. अर्नेस्ट कॉक्स या भंगार व्यापाऱ्याने आधी ब्रिटिश नौदलाकडून त्यांतली बरीच विकत घेतली, मग १९२४ पासून वर काढली. कित्येक मोठी जहाजे उलटी, पोटात दाबाची हवा भरून, तशीच ओढत नेली. आधी कागद, मग दोर.

दुसरी गोष्ट पोहोचण्याची. ४०० किलोमीटर उंचीवर वेग सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर असतो. दोन कक्षांच्या प्रतलांत दहा अंशांचा फरक असेल तर एकीतून दुसरीत जायला सेकंदाला सुमारे १.३४ किलोमीटर इतका वेगबदल लागतो. साठवणीच्या नेहमीच्या इंधनावर २० टनांच्या यानाचे त्यात सात टनांहून जास्त इंधन जळते, आणि रिकामे परत यायलाही आणखी साडेचार टन. म्हणून कथेतला कप्तान एका भग्न यानाकडून दुसऱ्याकडे उडी मारत नाही, तो थांबतो. पृथ्वी विषुववृत्ताशी फुगीर असल्याने कक्षांची प्रतले हळूहळू सरकतात, आणि उंचीनुसार सरकण्याचा वेग वेगळा असतो. दोन्ही कक्षांचा कल सारखा असेल तर थोडे खाली किंवा वर राहून काही महिने काढले की प्रतले आपोआप जुळतात. हे काही महिने कथेत आले तर टोळीतली माणसे वाचकाला कळतील.

पकडणे त्याहून अवघड. एप्रिल १९८४ मध्ये सोलर मॅक्स हा बिघडलेला उपग्रह पकडायला जॉर्ज नेल्सन पाठीवरच्या झोतयंत्राने गेला. त्याच्या छातीवरची पकड बसेना, कारण उष्णतारोधक आवरण अडकवणारी एक बारीक खुंटी आराखड्यात दाखवलेलीच नव्हती. त्याने सौरपंखा हाताने धरला, तर उपग्रह आणखीच गडबडा फिरू लागला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डिस्कव्हरी या अवकाशयानाने पालापा आणि वेस्टार हे भरकटलेले दोन उपग्रह परत आणले. पैसे विमा कंपन्यांचे होते. तेव्हाही बनवून नेलेली चौकट बसली नाही, आणि जो ॲलन याने पालापा उपग्रह पृथ्वीची जवळजवळ एक पूर्ण फेरी होईतो, म्हणजे सुमारे दीड तास, हातांवर धरून ठेवला. दोन्ही वेळा अडचण मोजमापात होती. पकड सौरपंख्याला किंवा अँटेनाला कधीच लावू नये. इंजिनाचे नळकांडे किंवा रॉकेटला जोडणारे कडे, या दोनच जागा भरवशाच्या. २०२० मध्ये एका सेवायानाने जुन्या इंटेलसॅट उपग्रहाला धरले तेही नळकांड्यातूनच.

आता मुख्य काम, म्हणजे मेलेले यंत्र खरोखर मारणे. लोहा ओळीतला, म्हणजे नागपूरच्या लोखंड बाजारातला, जुना कारागीर सिलिंडरला कटर लावण्याआधी व्हॉल्व्ह उघडून पाहतो, तो क्रम इथेही लागू आहे. आधी दाब. हीलियमच्या गोलाकार टाक्यांत शेकडो पट वातावरणाचा दाब वर्षानुवर्षे टिकतो. मग इंधन. हायड्राझिन दोन अंश सेल्सिअसच्या आसपास गोठते आणि गोठताना आकसते, त्यामुळे नळीत मोकळी जागा पडते आणि तिथे आणखी द्रव शिरून गोठतो. नळी फुटते ती वितळताना. टोळीने सावलीतले यान उन्हात ओढले की तासाभराने गळती सुरू होते, आणि का ते कोणाला कळत नाही. त्याचा जोडीदार नायट्रोजन टेट्रॉक्साइड उणे ११ ला गोठतो, २१ ला उकळतो. दोघे भेटले की ठिणगीशिवाय पेट घेतात. गळलेले रसायन अवकाशपोशाखावर हिमासारखे बसते आणि माणूस ते घेऊन हवाबंद खोलीत शिरतो. २००१ मध्ये अवकाश स्थानकावर रॉबर्ट कर्बीमच्या पोशाखावर अमोनिया बसला, तेव्हा तो उडून जावा म्हणून त्याला अर्धा तास उन्हात बाहेर ठेवले होते. कथेत हा अर्धा तास फार मोठा प्रसंग होऊ शकतो. प्राणवायू उतरतो आहे आणि दार उघडता येत नाही.

त्यानंतर वीज. सौरपंख्याला बंद करायची कळ नसते. ऊन पडले की तो वीज देणारच. म्हणून तारा सावलीत तोडायच्या, म्हणजे खालच्या कक्षेत दर फेरीला जेमतेम ३५ मिनिटे. बॅटरी तर कित्येक वर्षांनीही फुटू शकते. १९९५ मध्ये सोडलेला एक अमेरिकी हवामान उपग्रह २०१५ मध्ये बॅटरीमुळे फुटला.

कापणे शक्यतो टाळावे, नटबोल्ट खोलावे. निर्वातात वितळलेला थेंब खाली पडत नाही, समोर काही लागेपर्यंत सरळ जातो. १९६९ मध्ये सोयुझ ६ वर व्हॅलेरी कुबासोव्हने धातूचे जोडकाम करून पाहिले, तेव्हा यानाची भिंतच जवळजवळ भेदली गेली होती. १९८४ मध्ये स्वेतलाना सावित्स्काया हिने मात्र साल्युत ७ या अवकाश स्थानकाच्या बाहेर, हातातल्या यंत्राने, कापून आणि जोडून दाखवले.

यंत्रमानवाबाबत थोडेच. माणसाच्या दहापट उंच म्हणजे १८ मीटर, पण वजन हजारपट आणि हाडांची ताकद शंभरपट. योकोहामात २०२० ते २०२४ असा जो यंत्रमानवाचा २५ टनी हलता पुतळा होता, त्यालाही कमरेत आधाराचा सांगाडा लागत असे. अवकाशात वजनाचा प्रश्न सुटतो, जडत्वाचा नाही. अवकाश स्थानकाचा १७.६ मीटर लांबीचा हात मोठे ओझे धरले की सेकंदाला काही सेंटीमीटर इतकाच सरकतो. त्यामुळे टोळीला भीती हवी ती यंत्रमानव अचानक उठण्याची नाही, त्याच्या सांध्यात अडकलेल्या दाबाची. पोकलेन दुरुस्त करणारा मिस्त्री बादली जमिनीला टेकवून, लिव्हर हलवून दाब सोडतो आणि मगच नळी खोलतो. इंजिन बंद असले तरी ॲक्युम्युलेटरमध्ये, म्हणजे दाब साठवणाऱ्या टाकीत, नायट्रोजनने दाबलेले तेल असते. १८ मीटरच्या यंत्रमानवाच्या हाताची नळी दाब न सोडता कापली तर तो हात शेवटचा एक झटका देतो, आणि समोर माणूस आहे की भिंत हे तो बघत नाही.

दारूगोळा शेवटी लिहितो आहोत, पण तपासणीत तो पहिला. २००४ मध्ये साहिबाबादेत आयात भंगारात आलेले जिवंत तोफगोळे फुटून दहा कामगार मेले. ते भंगारही युद्धक्षेत्रातून आल्याचे तेव्हा सांगितले गेले. त्यानंतर सरकारने सुट्या धातूच्या भंगाराला माल चढवण्याआधीच्या तपासणीचे प्रमाणपत्र सक्तीचे केले. टोळीतला एखादा तरुण असे प्रमाणपत्र खोटे आहे हे ओळखतो, तिथून कथा सुरू झाली तर?

आमची विनंती अशी की आपल्या रविवार पुरवणीत अशी कथा घेताना लेखकाला हे प्रश्न विचारावेत, आणि छापण्याआधी ती गॅस कटर चालवणाऱ्या एखाद्या कारागिराला वाचून दाखवावी. नागपुरात हे कठीण नाही. स्फोटके आणि दाबाच्या सिलिंडरांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय सेमिनरी हिल्सवर आहे, आयुध निर्माणी अंबाझरीला आहे, लोहा ओळ इतवारीत. विद्यार्थी लेखकांना हवे असल्यास वरील आकडेमोड आम्ही पायरी-पायरीने लिहून देऊ. पुरवणीने जागा द्यावी.

आपले,
काही विज्ञानकथा वाचक, नागपूर