पुनर्विकासाला निघालेल्या घरांतली दप्तरे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

नौपाड्यातल्या जुन्या इमारती आणि वाशी-नेरूळमधल्या सिडकोच्या (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या) वसाहती पुनर्विकासासाठी रिकाम्या होत आहेत. भाडे, कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारी ठोक रक्कम), चटईक्षेत्र यांवर सोसायटीच्या सभा रात्री उशिरापर्यंत रंगतात. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेचा विषय मात्र कोणी काढत नाही, आणि घर सोडायच्या आदल्या दिवशी ट्रंकेतले सगळे रद्दीवाल्याच्या काट्यावर चढते. करारनामा, सातबारा, वारसदाखला एवढे राहते, कारण त्याला पैशाची किंमत आहे. अंतर्देशीय पत्रे, मनीऑर्डरच्या पावत्या, गिरणीचे पास, ग्रामस्थ मंडळाच्या वर्गणीच्या वह्या, मिठागराचे हिशेब हे सगळे किलोच्या भावाने जाते. कोकणातून आणि घाटावरून ठाण्यात आलेल्या माणसांनी संसार कसा उभा केला, हे सरकारी दप्तरात सापडत नाही. ते याच कागदांत असते.

स्थलांतरितांचे खासगी कागद कसे राखावेत याचा उत्तम धडा नॉर्वेतून अमेरिकेत गेलेल्यांनी घालून दिला आहे. ४ जुलै १८२५ रोजी ‘रेस्टोरेशन’ हे छोटे गलबत ५२ माणसे घेऊन स्टाव्हांगर बंदरातून निघाले आणि ९ ऑक्टोबरला न्यूयॉर्कला लागले. वाटेत एक मूल जन्मल्याने उतरताना ५३ जण होते. पुढच्या शंभरेक वर्षांत आठ लाखांहून अधिक नॉर्वेजियन उत्तर अमेरिकेत गेले. १९२५ साली मिनेसोटातल्या नॉर्थफील्ड गावी, सेंट ओलाफ महाविद्यालयात, त्यांनी आपला इतिहास जपणारी संस्था काढली. तिचे पहिले चिटणीस कादंबरीकार ओ. ई. रोल्वाग हे स्वतः १८९६ साली मासेमारी सोडून आलेले होते. आमच्या कोळीवाड्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे. संस्थेने नामवंतांच्या कागदांवर समाधान मानले नाही. शेतकऱ्यांची पत्रे, रोजनिशा, चर्चच्या मंडळींच्या वह्या असे साधे कागद तिने गोळा केले. ती संस्था आजही चालू आहे.

तिथे एक अडचण आली, ती आपल्यालाही येणार आहे. पत्र लिहिणाऱ्याकडे राहत नाही, ज्याला येते त्याच्याकडे राहते. अमेरिकेतून लिहिलेली पत्रे नॉर्वेतल्या शेतघरांत पडून होती आणि त्यांची उत्तरे अमेरिकेत. संस्थेचे संपादक थिओडोर ब्लेगेन यांना अमेरिकेची पत्रे शोधायला १९२८ साली नॉर्वेला जावे लागले. आपल्याकडेही मनीऑर्डरची पावती ठाण्यात आणि ‘पैसे पाठवले आहेत, बैलाचे बघा’ असा मजकूर असलेले कुपन गावी. ट्रंक उघडाल तेव्हा गावच्या घरी एक फोन करा. तिथलाही माळा पुढच्या पावसाळ्याआधी उतरवला जाणारच असतो.

दुसरी अडचण नावांची. एकोणिसाव्या शतकातल्या खेड्यापाड्यांतल्या नॉर्वेजियन माणसाला कायमचे आडनाव नसे. हान्सचा मुलगा ओले हा ओले हान्सेन, त्याची बहीण कारी हान्सदातर, आणि पुढे राहत्या शेताचे नाव. शेत बदलले की तेही बदलायचे. अमेरिकेत पोचल्यावर सख्ख्या भावांपैकी एकाने हान्सेन लावले, दुसऱ्याने शेताचे नाव. नॉर्वेत ठरावीक आडनाव सक्तीचे करणारा कायदा १९२३ चा. चर्चच्या जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदी आज नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात, पण शेताचे आणि परगण्याचे नाव हाती नसेल तर त्यांतून आपला ओले हान्सेन ओळखणे अशक्यप्राय होते.

ऐरोलीपासून उरणपर्यंत गावोगाव तीच आडनावे: पाटील, म्हात्रे, ठाकूर, भोईर. त्यांचे याहून वेगळे काय आहे? शिवाय नॉर्वेजियन बाई लग्नानंतरही चर्चच्या वहीत बापाच्याच नावाने राहायची. आपल्याकडे सासरी पाऊल पडताच आडनाव जायचे आणि पुष्कळदा पाळण्यातले नावही. ‘सौ. सुमन’ अशी सही केलेले पत्र माहेरच्या कोणाचे, हे सांगणारे माणूस घरात आहे तोवरच विचारून घ्यावे. प्रत्येक व्यक्तीपुढे पाच गोष्टी लिहा: पूर्ण नाव, घरातले हाकेचे नाव, गाव आणि आळी, आजोबांचे नाव, आणि बाई असेल तर माहेरचे नाव व गाव. म्हाताऱ्या माणसांना ‘तुमची कहाणी सांगा’ म्हटले की ती गप्प होतात. एक फोटो हातात द्या, डावीकडून कोण कोण ते विचारा आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा. पाऊण तासात थांबा. उतरवून घेताना आगरी, मालवणी जशी बोलली तशीच ठेवा, शुद्ध करण्याचा उद्योग नको.

आता प्रत्यक्ष कागदांविषयी. सर्वाधिक नुकसान हौसेने होते, कसर-वाळवीचा नंबर नंतर लागतो. गठ्ठा सोडून पत्रे तारखेप्रमाणे लावायची घाई करू नका. आजीने कोणती पत्रे एकत्र बांधली होती, ही सुद्धा माहितीच असते आणि एकदा मोडली की परत मिळत नाही. आधी गठ्ठा आहे तसा फोटोत घ्या. मग मऊ पेन्सिलीने प्रत्येक कागदाच्या पाठीमागे कोपऱ्यात क्रमांक टाका. बॉलपेन नको, शिक्का नको, चिकटचिठ्ठी तर नकोच, कारण तिचा गोंद मागे राहतो. पाकीट आणि पत्र यांची ताटातूट करू नका. पत्रावर तारीख नसते तेव्हा पोस्टाचा शिक्काच कामाला येतो. पत्रात घडी करून ठेवलेले वर्तमानपत्राचे कात्रण मात्र वेगळे काढा, ते कुठे होते याची नोंद करून. त्या हलक्या कागदातले आम्ल शेजारच्या पत्रावर तपकिरी डाग पाडते.

टाचण्या आणि स्टेपल गंजलेले असतात, ओढले तर कागदाचा तुकडा घेऊन येतात. कागदाखाली पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवून, बोथट सुरीने मागचे पाय सरळ करून ते काढावेत. सेलोटेप लावू नये, जुनी असेल तर घरी सोलू नये. आणि लॅमिनेशन कदापि नाही. ठाण्यात दर स्टेशनाबाहेर ते करून मिळते आणि लोक मोठ्या श्रद्धेने आजोबांचे मोडी खत त्यात घालतात. उष्णतेने वितळलेले प्लास्टिक तंतूंत शिरते, ते पुन्हा सुटत नाही. गंमत म्हणजे त्या खताला मदतीची फारशी गरजच नसते. हातकागद आणि काजळीची शाई शेकडो वर्षे टिकते. विसाव्या शतकातला गिरणीचा कागद मात्र तुरटी-राळेच्या खळीमुळे आतूनच पिवळा आणि ठिसूळ होत जातो. म्हणजे आधी लक्ष द्यायचे ते १९६०-७०च्या कागदांकडे.

खाडीकाठच्या हवेत खरा शत्रू दमट हवा. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी धरते, आणि आपला पावसाळा तर महिनोन्‌महिने त्याच्या बराच वर असतो. म्हणून कागद हवाबंद प्लास्टिक पिशवीत कोंडू नका. आतला ओलावा आतच राहतो. पीव्हीसीच्या चकचकीत फोल्डरला शाई चिकटते. धुऊन खळ घालवलेल्या पांढऱ्या सुती कापडात, जुन्या दप्तरांच्या रुमालांसारखे, सैल बांधा. खळ राहिली तर कसर येते आणि लाल खारवा (दप्तरे बांधायचे जाडे कापड) ओला झाला तर रंग सोडतो. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटे दूर, गठ्ठा तळच्या फळीवर नाही. सिलिका जेलच्या पुड्या तापवून पुन्हा कोरड्या केल्या नाहीत तर महिन्याभरात निरुपयोगी होतात. डांबरगोळ्यांनी बुरशी थांबत नाही, त्यांची वाफ श्वासात जाते ती वेगळीच. दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की, वर्षातून एकदा गठ्ठे सावलीत उघडून बघा.

कागद भिजलेच तर साधारण ४८ तासांत बुरशी सुरू होते. उन्हात घालू नका, इस्त्री फिरवू नका. कोऱ्या टिपकागदाच्या थरांत ठेवून पंख्याखाली वाळवा आणि थर बदलत राहा. गठ्ठा मोठा असेल तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा, तेवढी सवड मिळते. ओले फोटो एकमेकांवर वाळू दिले तर कायमचे चिकटतात.

स्कॅन पत्रांसाठी ३०० डीपीआय (इंचामागे ठिपके), फोटोंसाठी ६००. मोबाइलनेच काढायचे तर फ्लॅश बंद, खिडकीचा उजेड, चारही कडा आणि मागची कोरी बाजूही यायला हवी. फाइलचे नाव तारखेने सुरू करा, वर्ष आधी. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो आकसतो, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी.

पण घरोघरी हे किती दिवस टिकणार? नॉर्वेजियनांमध्ये एकेका खोऱ्यातून आलेल्यांची मंडळे होती, त्यांना ते बिग्डेलाग म्हणत. मेळावे भरवता भरवता ती घराण्यांच्या नोंदी छापू लागली. आपल्याकडे ग्रामस्थ मंडळे आहेतच. पूजा आणि क्रिकेटच्या सामन्यांबरोबर एक नोंदवही एवढीच त्यात भर हवी. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभे आहे. अशा संस्थांनी आणि नवी मुंबईतल्या ग्रंथालयांनी एक कपाट, एक टेबल आणि आठवड्यातला अर्धा दिवस दिला तरी सुरुवात होते. सिडको १९७० साली आली आणि ९५ गावांची जमीन संपादनात गेली. त्या जमिनींच्या मोबदल्यासाठी झालेल्या जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले. त्या पिढीच्या नोटिसा, सभांची पत्रके, मोर्चाचे फोटो आजही घराघरांत आहेत, त्यांना हे कपाट आधी लागेल.

देणगी घेताना दोन ओळींचा लेखी करार असावा. कागद ज्याच्या हाती आहे त्याचा असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि पुढे त्याच्या वारसांचा असतो, म्हणून छापण्याची परवानगी वेगळी घ्यावी. भाऊबंदकीचे किंवा आजारपणाचे कागद ठरावीक वर्षे बंद ठेवण्याची मुभा द्यावी. ती दिली नाही तर लोक तेच कागद आधी जाळतात. मूळ कागद द्यायला कोणी तयार नसेल तर स्कॅन करून मूळ त्याच दिवशी परत करावे.

सोसायट्यांना एवढीच विनंती: घरे रिकामी करण्याची तारीख फलकावर लावाल तेव्हा तिच्या किमान दोन महिने आधी, जुनी पत्रे, वह्या आणि फोटो रद्दीत देण्यापूर्वी कोणाला दाखवायचे, त्याचे नाव आणि फोन क्रमांक त्याच फलकावर असू द्या.

आपले,
कागद-जतनाचे काम करणारे काही ठाणेकर व नवी मुंबईकर