हॉयची चिठ्ठी

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

कॉलेजच्या संघात निवड झाल्याचा तुझा मेसेज आईने अख्ख्या सोसायटीला दाखवला. पण झेलामागे दोघे धावले की "माझा!" ही हाक ऐकू येत नाही, तर श्रवणयंत्राचं संघात सांगू की नको, असं तू विचारलंस. त्यावर तुला विल्यम हॉयबद्दल सांगतो.

हा अमेरिकेतला बेसबॉलपटू. जन्म 1862 चा, ओहायोतल्या एका खेड्यातला. तिसऱ्या वर्षी मेंदूज्वरात दोन्ही कान गेले. कोलंबसच्या कर्णबधिरांच्या शाळेत पहिला आला, पुढे गावात बूट शिवायला बसला. 1886 मध्ये ऑशकॉशच्या संघातून पैसे घेऊन खेळू लागला. पंचाने स्ट्राइक (फटक्याच्या टप्प्यातला चेंडू) दिला की बॉल (टप्प्याबाहेरचा), हे त्याला कळायचं नाही. मागे वळून विचारेपर्यंत पिचर, म्हणजे त्यांचा गोलंदाज, पुढचा चेंडू टाकून मोकळा! मग त्याने तिसऱ्या बेसजवळच्या (बेस म्हणजे धाव पुरी करताना गाठायचे टप्पे) आपल्या माणसाशी ठरवून घेतलं : स्ट्राइकला उजवा हात वर, बॉलला डावा. पंचांच्या खुणा त्याच्यामुळेच सुरू झाल्या असंही सांगतात. त्याला भक्कम पुरावा नाही आणि हॉय मोठा ठरायला त्याची गरजही नाही.

1888 मध्ये तो वॉशिंग्टनच्या संघात सेंटर फील्डवर, म्हणजे सीमेकडच्या मधल्या जागी, आला. चारही बाजूंनी नवे सोबती, टक्कर झाली तर हाडं मोडायची. त्याने सरळ चिठ्ठी लिहून खेळाडूंच्या खोलीत लावली. मला अजिबात ऐकू येत नाही, झेल मी घेणार असेन तेव्हा ओरडेन. माझा आवाज आला नाही तर मी चेंडूमागे नाही असं समजा आणि तुम्ही घ्या. बस, एवढंच. दयेची याचना नाही की लपवाछपवी नाही. मला ही चिठ्ठी त्याच्या सगळ्या विक्रमांपेक्षा मोलाची वाटते.

त्याच मोसमात त्याने 82 बेस चोरले, म्हणजे फटक्याची वाट न बघता धावून पुढचा बेस गाठला; लीगमध्ये सर्वाधिक. 1889 च्या जूनमध्ये एकाच सामन्यात आउटफील्डमधून थेट फेकी करून तिघांना होम प्लेटवर, म्हणजे धाव पुरी होते त्या जागी, बाद केलं. 1902 पर्यंत तो वरच्या दर्जाचं बेसबॉल खेळला आणि दोन हजारांवर हिट्स (फटका मारून बेस गाठणं) मारल्या. नेटवर तो 'डमी हॉय' या नावाने सापडेल. तेव्हा मुक्या-बहिऱ्यांना सरसकट तसंच म्हणत. मला ते वाचवत नाही, पण त्याने ते नाव बिनतक्रार वागवलं. 1961 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे तिथल्या बेसबॉलच्या अंतिम मालिकेत, सिनसिनाटीला एका सामन्याचा पहिला चेंडू त्याच्या हस्ते टाकला गेला, तेव्हा तो नव्व्याण्णव वर्षांचा होता.

तेव्हा पुढच्या सरावाआधी कॅप्टनला गाठ. हाक तू द्यायचीस की हात वर करायचा, ते दोघं मिळून ठरवा आणि पॉइंट-कव्हरवाल्यांनाही सांगा. यंत्राचे सेल कुरियरने पाठवले आहेत, मिळाले की कळव.

तुझा,
बाबा