लॉस एंजेलिसमधल्या बॉइल हाइट्स वस्तीच्या सेन्योरांना, पत्रास कारण की…

सेन्योरा,

सप्रेम नमस्कार. पत्र मराठीत आहे, तुम्हाला वाचता येणार नाही. माझी लेक शाळेत स्पॅनिश शिकतेय, ती वाचून दाखवील. मुलांच्या खाण्यापिण्याविषयीच्या तुमच्या वर्गात तुमच्याच मांडीवर झोपायची, तीच ही.

2018 साली नवऱ्याच्या शिष्यवृत्तीवर आम्ही तिघं लॉस एंजेलिसमध्ये राहत होतो. माझ्या व्हिसावर मला नोकरीची परवानगी नव्हती. ‘विक’ या सरकारी पोषण योजनेची कागदी व्हाउचर घेऊन दुकानात उभं राहिलं, की मागची रांग उसासे टाकायची. दूध, अंडी, पिंटो बीन्स, मक्याच्या तोर्तिया, आणि फळं-भाज्यांसाठी लेकीच्या नावावर महिन्याला 9 डॉलर. त्या रांगेतल्याच एका आईनं मला हाताला धरून तुमच्याकडे आणलं.

चर्चचा हॉल, पंधरा-वीस आया, बहुतेक मेक्सिको नाहीतर एल साल्वादोरच्या, आणि मी एकटी सांगलीची. तुम्ही डॉक्टर नव्हता, नर्सही नव्हता. प्रोमोतोरा, म्हणजे प्रशिक्षण घेऊन आपल्याच वस्तीत आरोग्याचं काम करणारी बाई. मी मनात म्हटलं, अरेच्चा, ही तर आपली आशाताई!

त्याआधी एका दवाखान्यात मी पाहिलं होतं. माझ्या पुढच्या बाईसमोर तिच्या मुलाच्या वजनाचा तक्ता सरकवून विचारलं गेलं, ‘खायला काय घालता याला?’ ती मान खाली घालून बसली. पुढच्या वेळी ती आलीच नसेल, असं मला वाटतं.

तुम्ही तक्ता काढलाच नाहीत. पहिल्या दिवशी कोकचा कॅन आणि रिकामा काचेचा ग्लास मांडलात. कॅनमध्ये 39 ग्रॅम साखर, एका चमच्यात चार. एकेकीनं उठून एकेक चमचा ग्लासात घालायचा. दहावा माझा होता. ‘तुझा जरा कमी भर,’ म्हणालात, आणि सगळ्या हसल्या. मग हळूच विचारलंत, कामावरून कोण किती वाजता येतं, तोवर मूल कोणाकडे असतं, आजी काय म्हणते.

आजी! तिथली आजी म्हणते, ‘गोर्दितो’, म्हणजे गुबगुबीत, मूल तेच निरोगी मूल. माझ्या सासूबाई व्हिडिओ कॉलवर ‘पोर वाळलीय’ म्हणायच्या. आमच्याकडे गुटगुटीत बाळांच्या स्पर्धा भरवतात. तुम्ही आज्यांना चूक ठरवलं नाहीत. ज्यांनी उपास पाहिलेत त्यांना गाल भरलेलेच आवडणार, म्हणालात.

तुमचं मला सर्वात जड गेलेलं सांगणं: मुलानं मान फिरवली की चमचा खाली ठेवायचा. त्या आया चमच्याचं विमान करत, मी चिऊचा घास, काऊचा घास. चिऊ-काऊ संपून हत्ती, घोडा, अख्खं प्राणिसंग्रहालय लेकीच्या पोटात जायचं. पानात टाकू नये, हे तर आपल्या रक्तातच. चार दिवस मी रडकुंडीला आले होते. पाचव्या दिवशी तिनं आपण होऊन पिंटो बीन्सची उसळ मागितली.

रसाचंही तसंच. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला अर्धा कप पुरे, एकाच्या आत मुळीच नको. ‘विक’च रसाच्या बाटल्या देते, हे मी कुरकुरत बोलले. तुम्ही खांदे उडवलेत आणि जास्वंदीचं बिनसाखरेचं ‘हमायका’ पुढे केलंत. (आंबट! पण प्यायले.)

2017 ते 2020 च्या मोजणीत अमेरिकेतली शंभरातली 26 हिस्पॅनिक मुलं स्थूल निघाली, सगळी मुलं धरली तर 20. हे मी खूप नंतर वाचलं. वाचताना मला तो हॉल दिसला, आणि दोन पाळ्या करून आलेली, खुर्चीतच डुलक्या घेणारी ती आई. तिला तुम्ही कधी उठवलं नाहीत. वर्ग संपल्यावर पुन्हा सगळं सांगायचात, फक्त तिच्यासाठी.

तुमचा तो मापाचा चमचा माझ्या पिशवीत चुकून आला, तो अजून आमच्या मीठाच्या बरणीत आहे. उन्हाळ्यात येतोय, तेव्हा परत करते.

तुमची,
दहाव्या चमच्याची आई