कातळात फाळाचा नांगर रुतत नाही

मा. मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार.

गोदावरीत बुडालेली बोट काढायला आम्ही पाणबुडे आणि नावाडी उतरतो. त्यासाठी दोर आणि आमची नाव बांधायला पावसाआधी रामकुंडाच्या वरच्या अंगाला, दोन्ही काठांच्या कातळात पोलादी खुंट्या बसतील, असा शब्द आपल्यासोबतच्या बैठकीत मिळाला होता. पाऊस आला, खुंट्या नाहीत. आले ते नाव थांबवायचे, फाळांचे तयार नांगर (अँकर). ते गाळात, वाळूत धरतात. नाशिकची गोदावरी काळ्या कातळावरून वाहते. इथे हा नांगर घसरत जातो आणि त्याच्या भरवशावर बांधलेली नाव पाणबुड्यांसकट मागोमाग जाते. हे आम्ही त्याच बैठकीत सांगितले होते.

पाण्याचा वेग सेकंदाला ३ मीटर असेल, तर प्रवाहासमोर १० चौरस मीटर अंग असलेल्या बुडीत बोटीवर साधारण साडेचार टन ओढ बसते. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट, म्हणजे १८ टन. काँक्रीटच्या ठोकळ्याने भागत नाही. घनमीटरचा ठोकळा काठावर २.४ टन भरतो, पाण्यात १.४, आणि ओल्या कातळावर त्याच्या निम्मीच ओढ तो पेलतो. म्हणून कातळात भोक पाडून, ग्राउट (सिमेंटचे पातळ मिश्रण) भरून बसवलेली खुंटीच हवी. ते काम उन्हाळ्यात, पाणी उतरल्यावरच होते.

खुंट्या बोटीपासून बऱ्याच वर हव्यात. जवळ घेतल्या की दोरांमधला कोन फाकतो, आणि तो १२० अंशांवर गेला की एकेका दोरावर पुरी ओढ येते. कप्पीत दोर उलटा फिरतो तिथे शॅकलवर, म्हणजे कप्पी अडकवणाऱ्या लोखंडी कडीवर, जवळपास दुप्पट भार असतो. शॅकल तुटला तर सुटलेला वायर रोप (तारांचा दोर) माणूस कापतो. बोट प्रवाहाविरुद्ध ओढू नये, तिरकी काठाकडे घ्यावी. फास कठड्याला नाही, सांगाड्याखालून. वर काढताना थांबत थांबत, आतले पाणी निथळू देत, नाहीतर ते सगळे वजन क्रेनवर येते.

उशिराची किंमत याच गोदावरीने दाखवली आहे. १५ सप्टेंबर २०१९ रोजी आंध्रात कच्चुलूरूजवळ पर्यटकांची बोट बुडाली. ती वर यायला २२ ऑक्टोबर उजाडला.

आपल्याकडे सिंहस्थाच्या पर्वण्या २०२७ च्या ऐन पावसाळ्यात आहेत. घाट, दिवे, कमानी यांना पैसा मिळतो, कारण ते दिसते. पाण्याखालची खुंटी कुणाला दिसत नाही. खरेदीची यादी करणारा पाण्यात उतरत नाही, उतरणाऱ्याला कुणी यादी दाखवत नाही, आणि सगळ्यात कमी दराचा माल त्याच्या कमरेला बांधला जातो. हे एका खात्याचे दुखणे नाही, सगळीकडे हेच चालले आहे.

हे नांगर परत पाठवा. येत्या उन्हाळ्यात खुंट्या बसवा. आणि आम्ही पाण्यात असताना गंगापूर धरणाचा विसर्ग वाढणार असेल, तर तो वाढवण्याआधी आम्हाला फोन येऊ द्या.

गोदाकाठचे पाणबुडे आणि नावाडी, नाशिक