कार्बोरेटर उघडण्याआधी व्हॅक्यूम पाइप पाहावेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्याच्या तोंडावर चोर्ला घाटातून गोव्याकडे उतरणाऱ्या जुन्या गाड्यांचे मालक आणि त्याहूनही अधिक आपली मेस्त्री मंडळी यांच्यासाठी हे पत्र आहे. माझी १९९७ सालची कार्बोरेटरची (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाची) मारुती झेन सिग्नलला उभी राहिली की थरथरत असे आणि वेग घेतला की शहाण्यासारखी चालत असे. एका गॅरेजमध्ये तीनदा कार्बोरेटर साफ झाला, दर वेळी आयडलिंगचा, म्हणजे संथ चालीचा, स्क्रू फिरवून रेस वाढवून दिली गेली आणि शेवटी कार्बोरेटरच बदलण्याचा सल्ला मिळाला. दोष निघाला तो डिस्ट्रिब्युटरकडे (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाकडे) जाणाऱ्या बारीकशा व्हॅक्यूम पाइपात, म्हणजे इंजिनची हवेची ओढ पोचवणाऱ्या रबरी नळीत. वरून धडधाकट दिसणारे ते रबर निपलवर (पाइप चढवायच्या छोट्या तोटीवर) बसते त्याच टोकाला भेगाळले होते आणि वाकवताच खापरासारखे तुटले.

इंजिन संथ चालते तेव्हा आत जाणारी हवाच मोजकी असते, त्यामुळे भेगेतून शिरलेली थोडी हवाही पेट्रोल-हवेचे मिश्रण पातळ करते. रेस वाढली की तेवढीच गळती जाणवेनाशी होते आणि दोष लपतो. इंजिनची ओढ मोजणारे व्हॅक्यूम गेज लावणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की पुस्तकातले १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) हे आकडे समुद्रसपाटीचे आहेत. बेळगाव सुमारे अडीच हजार फुटांवर असल्याने येथे काटा दोन-अडीच इंच खाली राहिला, तर त्यात वावगे काही नाही.

कडक झालेला पाइप ओढून काढल्यास प्लास्टिकचे निपल तुटते; तो ब्लेडने उभा चिरावा आणि एक बदलून झाल्यावरच दुसऱ्याला हात लावावा. हाताशी आहे म्हणून कोणताही पातळ पाइप बसवण्याची आपल्याकडची सवय मात्र घातक आहे, कारण गरम होताच तो ओढीने आत चपटा होतो. ब्रेक बूस्टरच्या (इंजिनच्या ओढीने ब्रेक दाबणे हलके करणाऱ्या भागाच्या) पाइपाबाबत तर ही काटकसर नकोच. इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबावा, पाय तसाच ठेवून गाडी सुरू करावी. पेडल किंचित खाली गेले नाही, तर पाइप आणि त्यातला एकमार्गी व्हॉल्व्ह तपासल्याशिवाय घाट उतरू नये.

स्पेअर पार्टच्या दुकानदारांना विनंती की, गिऱ्हाइकाने नुसता 'रबरी पाइप' मागितला तरी तो कशासाठी हवा हे विचारावे आणि आतला व्यास मोजूनच द्यावा.

आपला,
एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव